दर मे महिन्यात मायनस एटी ओरडतो: यंत्राआधी खोली तपासा

एप्रिल उतरला की जीवशास्त्राच्या विभागांत एक ठरलेली तक्रार सुरू होते. सामायिक मायनस एटी फ्रीजर, म्हणजे उणे ८० अंशांना नमुने साठवणारा, दुपारी अडीच-तीनला अलार्म देतो. डिस्प्लेवर उणे ८० च्या जागी उणे ६८, कधी उणे ६४ दिसतं. कुणीतरी बटण दाबून आवाज बंद करतो आणि रात्री आकडा आपोआप खाली येतो. आठवडाभर असं चालल्यावर इंजिनियर बोलावला जातो. तो गॅस बघतो, एखादा पंखा किंवा रिले बदलतो, बिल लावून जातो. तेवढ्यात मृग लागतो, दोन सरी पडतात, फ्रीजर शांत होतो आणि दुरुस्ती लागू पडली असा सगळ्यांचा समज होतो. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच.

मी नागपुरात विभागातल्या सामायिक उपकरणांची देखभाल बघतो. दरवर्षी त्याच महिन्यात येणारा आणि पावसाबरोबर जाणारा बिघाड बहुतेक वेळा यंत्राचा नसतोच. तो खोलीचा असतो, धुळीचा असतो, आणि दार कोण कसं लावतं याचा असतो. आत कुणाच्या पाच वर्षांच्या पीएचडीचे आरएनए नमुने असतात, कुणी मेळघाटातून आणलेले ऊतींचे तुकडे असतात, जे पुन्हा मिळणार नाहीत. म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

पहाटेचा आकडा बघा

इंजिनियरला फोन करण्याआधी दोन दिवसांच्या तापमानाच्या नोंदी काढा. फ्रीजरमध्ये डेटा साठत असेल तर उत्तम, नसेल तर लॉगबुक घेऊन दर दोन तासांनी लिहा. रात्रीची पाळी सुरक्षारक्षकाला समजावून सांगितली तर तोही आकडा लिहून ठेवतो.

सगळ्यात महत्त्वाची नोंद पहाटे पाचची. दुपारी उणे ६६ आणि पहाटे उणे ८० असेल तर यंत्रात दम आहे, त्याला उष्णता बाहेर टाकायला वाव मिळत नाहीये. अशा वेळी गॅस भरून काही होत नाही. पहाटेसुद्धा आकडा उणे ७० च्या वर अडकलेला असेल आणि दोन्ही कॉम्प्रेसर एक क्षणही न थांबता चालत असतील, तर गॅसगळती किंवा कॉम्प्रेसर थकल्याचा संशय घ्या आणि इंजिनियरला लगेच बोलवा. या फ्रीजरमध्ये दोन टप्प्यांची यंत्रणा असते. पहिल्या टप्प्याचा गॅस दुसऱ्या टप्प्याच्या गॅसला थंड करून द्रव करतो आणि दुसरा टप्पा आतली कपाटं थंड करतो. पहिल्या टप्प्याची उष्णता खोलीच्या हवेत नीट गेली नाही तर दुसऱ्याची ताकद आपोआप घटते. खोली तापली की आतला आकडा चढतो तो असा.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो आकडा सांगणारा सेन्सरही तपासा. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सर सदोष असल्याचं सांगितलं. फ्रीजरचंही असंच होतं. त्याचा सेन्सर एका कोपऱ्यात बसवलेला असतो, त्यावर बर्फ चढला की तो भलतंच सांगतो. एक स्वतंत्र प्रोब (वायरच्या टोकाला असलेला तापमानाचा सेन्सर) घ्या, तो इथेनॉल भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा. इथेनॉल उणे ११४ पर्यंत गोठत नाही, शिवाय दार उघडल्यावर येणाऱ्या क्षणिक झुळकेने प्रोब दचकत नाही. नमुन्यांना खरोखर किती गारवा मिळतोय ते त्यावरून कळतं.

खोलीचं गणित

बहुतेक मायनस एटींच्या पुस्तिकेत भोवतालचं तापमान कमाल ३२ अंश असावं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, ४५ अंश तर आपण गृहीतच धरतो. वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची खोली असेल तर स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला राहतो.

त्यात फ्रीजर स्वतः उष्णता ओततो. जुन्या पद्धतीचा एक मायनस एटी दिवसाला साधारण १६ ते २० युनिट वीज खातो, आणि ती सगळी शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उतरते. म्हणजे सरासरी पाऊण किलोवॉटचा एक हीटर चोवीस तास सुरू. तीन फ्रीजर एका खोलीत कोंबले तर सव्वादोन किलोवॉट. दीड टनाच्या एसीची क्षमता कागदावर सव्वापाच किलोवॉटच्या आसपास असते, पण बाहेर ४५ अंश असताना ती घटते, आणि भिंती-स्लॅबची उष्णता उरलेली खाऊन टाकते. त्यामुळे ‘एसी आहे की खोलीत’ या उत्तरावर समाधान मानू नका. दुपारी तीनला फ्रीजरच्या मागे, गरम हवा निघते तिथे साधा थर्मामीटर धरा. दाराजवळ २६ आणि फ्रीजरच्या मागे ३८ अशी तफावत दिसली तर हवा फिरत नाहीये.

त्यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. फ्रीजर भिंतीपासून किमान वीतभर पुढे ओढा, वरची खोकी काढा (फ्रीजरच्या डोक्यावर थर्माकोलचे डबे रचायची सवय जवळपास प्रत्येक विभागात दिसते), दोन फ्रीजरमध्ये हात सहज जाईल इतकी जागा सोडा. एका फ्रीजरची गरम हवा दुसऱ्याच्या जाळीत जात नाही ना, ते बघा. आणि खर्च करता आला तर एसी दोन असू द्या, टायमरवर आळीपाळीने चालणारे. एकच एसी चोवीस तास चालवला तर तो नेमका नवतपात बसतो.

कूलर काढा

हा भाग जरा लांबवतो, कारण नागपुरातल्या दुखण्याचं मूळ मला इथेच सापडलं.

एसी बंद पडला किंवा मंजूर झाला नाही की उपकरणांच्या खोलीला कूलर लावला जातो. आपल्या गावात ते अगदी स्वाभाविक आहे. मार्चमध्ये ताट्या बदलायच्या, पंप तपासायचा, टाकी भरायची, खोली गार. माणसांना तो मानवतो. मायनस एटीला मानवत नाही.

कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तेव्हा एक किलो हवेत साधारण ९ ग्रॅम वाफ असते. तीच हवा कूलरमधून २९ अंशांना आत आली की वाफ सुमारे १६ ग्रॅम होते. तापमान पुस्तिकेच्या मर्यादेत आलं म्हणून आपण खूश होतो, पण हवेतलं पाणी दीडपटीहून जास्त झालेलं असतं. प्रत्येक वेळी दार उघडलं की ही दमट हवा आत शिरते आणि उणे ८० च्या धातूवर जागच्या जागी हिम होऊन बसते.

ओळखायची खूण सोपी आहे. नागपूरचा मे कोरडा ठणठणीत असतो, ओठ फुटतात. अशा दिवसांत फ्रीजरच्या दारावर श्रावणातल्या झडीत जमावं तसं पांढरं हिम जमत असेल, तर ते पाणी बाहेरच्या हवेतून आलेलं नाही. खोलीत कुणीतरी ते आणून सोडतंय. एका प्रयोगशाळेत हे हिम बघून रबर बदलायचा खर्च मंजूर झाला होता. रबर बदललं. महिन्याभरात हिम परत. शेजारच्या खोलीतल्या कूलरचा झोत दाराखालच्या फटीतून आत येत होता. कूलर दुसऱ्या खिडकीला लावला आणि फट बुजवली, तेव्हा हिम थांबलं.

दुसरं नुकसान धुळीचं. कूलर बाहेरची हवा ओढतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यातल्या त्या हवेत काय नसतं? ताट्या थोडी धूळ अडवतात, बाकीची ओली होऊन आत येते. ओली धूळ कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पात्यांवर बसली की नुसत्या ब्रशने निघत नाही.

म्हणून मायनस एटीच्या खोलीत कूलर नकोच. एसीची व्यवस्था होईपर्यंत काय करायचं, असं विचाराल तर मी म्हणेन, एक्झॉस्ट पंखा लावून गरम हवा बाहेर काढा, खिडकीला बाहेरून हिरवी जाळी बांधा, फ्रीजर तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत हलवता येतो का बघा. हलवणं कटकटीचं आहे, पण एकदाच करावं लागतं.

रबर आणि हिम

दाराच्या कडेचं रबर नीट बसतंय का, हे कागदाच्या पट्टीने तपासा. दोन बोटं रुंद पट्टी रबर आणि चौकटीच्या मध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. घट्ट अडकली तर ठीक, अलगद सरकून आली तर तिथून हवा जातेय. चारही बाजूंनी, दर वीतभर अंतरावर असं करा. बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा नीट बघा. तिथे डोळा पोचत नाही, तिथेच बोटाच्या पेराएवढं हिम साचतं, आणि त्या एका कोपऱ्यामुळे दार वरून बंद दिसलं तरी खाली केसभर उघडं राहतं. यंत्र मग चोवीस तास खोली गार करत बसतं.

हिम काढताना स्क्रू ड्रायव्हर, चाकू, स्पॅट्युला काही वापरू नका. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं रबरावर धरा, हिम सुटेल, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्या. ओलं राहिलं तर तेच पुन्हा गोठतं. आतल्या छोट्या दारांच्या कडाही पुसा. आतली दारं नीट लागत नाहीत म्हणून काढून बाजूला ठेवलेली मी पाहिली आहेत, आणि ती जपायचीच गोष्ट आहे, कारण बाहेरचं दार उघडल्यावर बाकीच्या कप्प्यांचा गारवा तीच राखतात.

दार बंद केल्यावर लगेच उघडत नाही, ओढावं लागतं, ही तक्रारही वारंवार येते. आत शिरलेली उबदार हवा एकदम आकसते आणि दार आतून ओढलं जातं, म्हणून तसं होतं. दोन-तीन मिनिटं थांबा. हवा आत सोडणारं एक छोटं छिद्र असतं, ते बर्फाने बुजलं असेल तर मोकळं करा. हँडलला झटके देऊन दार उघडलं तर कडी वाकते, कडी वाकली की रबर एका बाजूला सैल बसतं, आणि हिमाचं चक्र तिथून पुन्हा सुरू होतं.

जाळीमागचा फिल्टर

खालच्या जाळीमागे स्पंजसारखा एक फिल्टर असतो. तो कुठे आहे हेच अनेक विभागांत कुणाला माहीत नसतं. जाळी उघडा, फिल्टर काढा, उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला नाही तर दुपारच्या अलार्मचं अर्धं कारण हातात आलं. कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच बसवा. एरवी दोन महिन्यांनी चालेल, मार्च ते जून दर पंधरवड्याला करा. देखभाल कराराचा माणूस वर्षातून दोनदा येतो, तेवढ्याने नागपूरची धूळ आवरत नाही. हे काम विभागातल्याच माणसाचं आहे.

लाईन गेली, लाईन आली

उन्हाळ्यातल्या संध्याकाळी इमारतीतले सगळे एसी सुरू असतात तेव्हा व्होल्टेज किती उरतं, ते इलेक्ट्रिशियनकडून सात ते अकराच्या दरम्यान मोजून घ्या. २३० व्होल्टला दहा टक्के कमी-जास्त, म्हणजे २०७ ते २५३, इतकं बहुतेक यंत्रं सोसतात. त्याखाली कॉम्प्रेसर कण्हत सुरू होतो, तापतो आणि ट्रिप होतो. प्रत्येक फ्रीजरला स्वतंत्र सर्व्हो स्टॅबिलायझर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. त्याच बोर्डावर ऑटोक्लेव्ह किंवा हॉट एअर ओव्हनसारखं खूप वीज ओढणारं यंत्र नको.

वावटळ-वादळात लाईन दहा मिनिटांत तीनदा जाते-येते. त्यापेक्षा ती तासभर सलग गेलेली बरी. कॉम्प्रेसरमधला दाब उतरण्याआधी वीज परत आली तर त्याला जोर करून सुरू व्हावं लागतं. बहुतेक फ्रीजरमध्ये सुरू होण्याचा विलंब ठरवता येतो. तो प्रत्येकाला वेगळा द्या: एकाला तीन मिनिटं, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला नऊ. सगळे एकदम उठले की जनरेटर बसतो, आणि मग ‘जनरेटर असूनही बंद पडलं’ अशी तक्रार होते.

लाईन गेल्यावर अलार्म वाजतो तो आतल्या बॅटरीवर. ती काही वर्षांत मरते आणि कुणाला पत्ता लागत नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. फ्रीजरच्या मागच्या बाजूला अलार्मच्या रिमोट जोडणीचे टर्मिनल असतात. त्यांना सिमकार्डवर चालणारा डायलर जोडला तर तो चार-पाच नंबरांना आळीपाळीने फोन लावतो. असे डायलर सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून पाहा, आतल्या नमुन्यांच्या मोलापुढे हा खर्च काहीच नाही.

रात्री फोन आला तर

दार उघडू नका. आधी पाहायचं ते बाहेरून: शेजारचा फ्रीजर चालू आहे का, एमसीबी पडला आहे का, स्टॅबिलायझरवर व्होल्टेज दिसतंय का. भरलेला मायनस एटी दार बंद असेल तर तासन्‌तास नमुने सांभाळतो. अर्धा रिकामा असेल तर फार लवकर तापतो, म्हणून रिकाम्या कप्प्यांत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा.

स्वतंत्र प्रोब उणे ५० कडे सरकू लागला तर हलवाहलव सुरू करा. राखीव फ्रीजर आधीपासून चालू आणि रिकामा हवा. रिकामा चालणारा फ्रीजर बघितला की कुणीतरी ‘चार दिवसांसाठी’ डबे ठेवतो आणि ते तिथेच राहतात. त्या बाबतीत कठोर राहा, विभागप्रमुखांचे डबे असले तरी. कोरडा बर्फ मिळाला तर तो वरच्या कप्प्यांत ठेवा, कारण गार हवा खाली उतरते. कोरडा बर्फ उणे ७८.५ ला असतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो, म्हणून खोलीचं दार-खिडकी उघडी ठेवा आणि बंद खोलीत एकट्याने काम करू नका. फोन नंबरांची यादी दारावरच हवी, कार्यालयाच्या कपाटात नको.

सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही

वरचं सगळं केलं तरी दार उघडून दहा मिनिटं डबा शोधणारा विद्यार्थी असेल तर मे महिन्यात अलार्म होणारच. शोधायला वेळ लागतो कारण यादी नसते. रॅक, कप्पा, डबा यांचा नकाशा एका स्प्रेडशीटमध्ये असू द्या आणि त्याची प्रत दारावर चिकटवा. आधी यादीत जागा बघायची, मग हातमोजे घालायचे, मग दार. मार्करचं लिखाण इथेनॉलच्या एका थेंबाने पुसतं, म्हणून अतिथंडीत टिकणारं क्रायो लेबलच वापरायला लावा.

प्लाझ्मिडचा डीएनए, प्रायमर, बरेचसे एन्झाइम उणे २० ला सुखाने राहतात. ते मायनस एटीत ठेवायचं कारण नाही. आणि बऱ्याच न्यूक्लिइक ॲसिडच्या व जिवाणूंच्या ग्लिसरॉल साठ्यांना उणे ७० पुरतं. सेटिंग उणे ८० वरून उणे ७० वर आणलं तर वीज साधारण ३० टक्क्यांपर्यंत वाचते आणि कॉम्प्रेसरला श्वास घ्यायला जागा मिळते. काही प्राध्यापकांना हे पटत नाही, ‘नाव मायनस एटी आणि ठेवायचं सत्तरला?’ असं विचारतात. त्यांचे नमुने नेमके कशाचे आहेत ते एकेक करून विचारा. ज्यांना खरंच उणे ८० हवं त्यांच्यासाठी एक फ्रीजर वेगळा ठेवा, बाकीचे १ एप्रिलपासून उणे ७० वर आणा. अलार्मची मर्यादाही त्याबरोबर बदला, नाहीतर यंत्र विनाकारण ओरडत राहील आणि लोक ऐकायचं सोडून देतील.

पूर्ण डीफ्रॉस्ट फेब्रुवारीत करा, संक्रांतीची थंडी ओसरल्यावर आणि परीक्षांची गडबड सुरू व्हायच्या आधी. मालक नसलेल्या डब्यांचा निकालही तेव्हाच लावा. डिग्री घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांचे डबे बरीच जागा अडवून बसतात. मार्गदर्शकाला लेखी कळवा, महिनाभर मुदत द्या, उत्तर आलं नाही तर विभागाच्या समितीने ठरवावं. एकट्या टेक्निशियनवर हा निर्णय टाकू नका, नंतर बोलणी त्यालाच खावी लागतात.

नवीन फ्रीजर घ्यायची संधी आली तर निविदेच्या तांत्रिक अटींत तीन गोष्टी लिहून घ्या. एक, हवामान श्रेणी. एन श्रेणीचं यंत्र ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत आणि टी ४३ पर्यंतच्या भोवतालासाठी असतं. आपल्याला टी किंवा किमान एसटी हवं. दोन, वीज गेल्यावर उणे ८० वरून उणे ५० ला यायला किती तास लागतात, तो आकडा ३२ अंशांच्या भोवतालातला मागा, २५ चा नको. तीन, हायड्रोकार्बन गॅस आणि गती बदलणारा कॉम्प्रेसर. असे फ्रीजर दिवसाला ८ ते १० युनिटांत भागवतात, म्हणजे खोलीत उष्णताही निम्मीच ओततात, आणि त्याच दीड टनाच्या एसीवर मे निघून जातो.